पाण्याच्या वेळेचं घड्याळ

मित्रांनो, मी एक जुनं घड्याळ. ओकच्या लाकडाची पेटी, पितळेचा लंबक, पांढरी तबकडी आणि पुढे काच, एवढाच माझा संसार. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका लहानशा गावात, धक्क्याजवळच्या होडीघरात, मी एकाच खिळ्यावर लटकतो आहे. घड्याळ चालतं असं तुम्ही लोक म्हणता. आम्ही कुठे चालतो? जन्मभर एका जागी राहून हात तेवढे फिरवतो.

माझा जन्म ग्लासगोच्या एका कारखान्यात झाला. तेव्हा मला टोलही होता, आणि आवाज चांगला खणखणीत होता. मला विकत घेतलं ते इथल्या धक्क्याच्या मास्तरांनी. त्या काळी इथे आगबोटी लागायच्या. मास्तरांना दुपारी डुलकी घ्यायची सवय होती आणि माझ्या टोलाने ते दचकून उठायचे. एके दिवशी त्यांनी पेटी उघडली, टोलाची हातोडी काढली आणि खिडकीतून समुद्रात भिरकावली. त्या दिवसापासून मी मुका आहे. टिकटिक करतो, पण टिकटिक हे काही बोलणं नव्हे.

मास्तरांनी माझ्यावर एक उपकार मात्र केला. या देशात एक चमत्कारिक चाल आहे. वसंत आला की सगळे लोक आपापली घड्याळं एक तास पुढे करतात आणि शरद सरता सरता पुन्हा एक तास मागे आणतात. उन्हाळ्यात संध्याकाळचा उजेड जास्त मिळावा म्हणून हा खटाटोप. पण भरती-ओहोटीचं जे कोष्टक छापून येतं, त्यातल्या वेळा बारा महिने एकाच हिशेबाच्या असतात. मास्तर म्हणायचे, "उन्हाळा आला हे चंद्राला कुणी कळवलंय? मग घड्याळाला कशाला त्रास?" त्यांनी मला कधी पुढेही केलं नाही आणि मागेही नाही. सारं गाव उन्हाळ्यात एक तास पुढे पळायचं आणि मी एकटा पाण्याच्या वेळेबरोबर राहायचो. तेवढाच मला अभिमान.

पुढे आगबोटी बंद झाल्या. कोळ्यांनी माझ्याखाली जाळी रचली, तबकडीवर धूळ बसली, चावी द्यायला कुणी फिरकेना. दोन हिवाळे मी थांबून होतो. मग ही खोली कयाकवाल्या मंडळींना मिळाली. कयाक म्हणजे एका माणसाची लांब, निमुळती होडी. माणूस तिच्यात कमरेपर्यंत शिरून बसतो आणि दोन्ही टोकांना पाती असलेलं वल्हं मारतो. या मंडळींची म्होरकी इश्बेल. मास्तरांचा हिशेब तिला ठाऊक होता. तिने पहिल्याच दिवशी माझी काच पुसली, चावी देऊन मला पाण्याच्या वेळेला लावलं आणि नवऱ्याला म्हणाली, "टॉर्मड, हे पाण्याच्या वेळेवर आहे रे. याला हात नाही लावायचा." बुडता बुडता वाचलेल्या माणसाचं होतं तसं माझं झालं.

तिनेच मग एक रीत पाडली. सहलीला निघण्यापूर्वी प्रत्येकाने माझ्यासमोर उभं राहायचं आणि मनगटावरचं घड्याळ माझ्याशी जुळवून घ्यायचं. मग दिवसभर बेरीज-वजाबाकी नको. "पाण्यात बोटं गारठली की आधी वजाबाकी चुकते आणि मग माणूस," असं ती म्हणते. फोन तर पाणी न शिरणाऱ्या पिशवीत बांधलेले असतात.

एवढी काळजी कशाला, ते सांगतो. इथून दीडेक तासाच्या वल्ह्यावर दोन बेटांच्या मध्ये एक चिंचोळी वाट आहे, तिला काओलस म्हणतात. भरतीला सगळा समुद्र त्या वाटेने आत घुसतो आणि ओहोटीला तिथूनच बाहेर पडतो. ओहोटीचं पाणी पलीकडे खुल्या समुद्राच्या लाटांना भिडलं की उभंच राहतं, उसळतं, गरगरतं. गावातले लोक म्हणतात, म्हातारी धुणं धुते. त्या धुण्यात सापडलेली होडी पुष्कळदा नुसत्या फळ्या होऊन परत येते. पण भरती संपून ओहोटी सुरू होण्याच्या मधे पंधरा-वीस मिनिटं पाणी उभं राहतं. तेवढ्यात लहान मूलही पार होईल. सहलीची सगळी आखणी या वीस मिनिटांभोवती फिरते.

माझ्या समोरच्या भिंतीला खिडकी आहे, आणि खिडकीतून एक लाल तरंगतं पिंप दिसतं, साखळीने तळाला बांधलेलं. भरतीला ते पूर्वेकडे कलतं, ओहोटीला पश्चिमेकडे, आणि पाणी उभं असलं की तेही ताठ उभं राहतं. तेही माझ्यासारखंच बांधलेलं. इतकी वर्षं आम्ही एकमेकांकडे पाहत आलो आणि आमचा हिशेब कधी चुकला नाही.

आता डूगल्डबद्दल सांगायला हवं. बायको गेल्यावर पर्थ शहरातलं घर विकून हा निवृत्त माणूस इथे राहायला आला. हात मोठे हुशार. चर्चचं घड्याळ त्याने चालू केलं, शाळेचं केलं. एकट्यादुकट्या म्हाताऱ्यांच्या घरी जाऊन घड्याळं पुढे-मागे करण्याचं काम त्याने आपणहून अंगावर घेतलं. होडीघराची दारं रंगवली तीही त्यानेच. गावात सगळे एकमेकांना अरे-तुरे करतात, पण त्याला मात्र "डूगल्ड, तुम्ही". दारं रंगवून झाली की लोक आभार मानायचे, आणि मग चहाला आपापसात बसायचे.

त्या वर्षी ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तो रंगाचा डबा न्यायला आला. साऱ्या गावाची घड्याळं मागे करून झाली होती. त्याची नजर माझ्यावर गेली. "अरे, तू राहिलासच की," तो म्हणाला.

मित्रांनो, मी ठणठणीत बरा होतो. खरं तर त्या दिवसापासून साऱ्या गावाची वेळ माझ्या वेळेला येऊन मिळाली होती. मनगटावर घड्याळ असतं तर त्याला कळलं असतं. पण सकाळपासून बारा घरी त्याने एकच काम केलं होतं, आणि ते घड्याळ घरीच काढून ठेवलं होतं. त्याने पेटी उघडली. माझे काटे उलटे फिरवले नाहीत, कारण उलटं फिरवलं की आतली चाकं दुखावतात हे त्याला ठाऊक होतं. त्याने माझा लंबक दोन बोटांत धरून थांबवला, खुर्ची ओढली, खिशातला स्वयंपाकाचा मिनिटं मोजणारा गजर साठवर लावला आणि तासभर समोर बसून राहिला.

त्या तासात तो माझ्याशी बोलला. बायकोला घड्याळाची टिकटिक ऐकल्याशिवाय झोप लागायची नाही, हे सांगितलं. इथली माणसं चांगली आहेत पण आत घेत नाहीत, हेही सांगितलं. इतक्या वर्षांत माझ्यासमोर तासभर कुणी बसलं नव्हतं. आणि नेमका तोच तास मला खोटं ठरवत होता. ओरडावं म्हटलं तर हातोडी समुद्रात. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. तास भरल्यावर त्याने लंबक पुन्हा हलवला, काच पुसली आणि तो समाधानाने निघून गेला. मी चालू झालो, एक तास मागे.

एरवी माझी चूक लगेच उघडी पडली असती. पण कयाकवाल्यांचा हंगाम दरवर्षी ऑक्टोबरातच, गावाची घड्याळं मागे होण्याआधी, संपायचा, त्यामुळे मला गावाच्या एक तास मागे पाहायचीच त्यांना सवय होती. त्या वर्षी वाऱ्याने तीन वेळा सहल पुढे ढकलली आणि ती नोव्हेंबरात आली. इश्बेल अडुसष्टची होती. खांद्याने दगा द्यायला सुरुवात केली होती आणि डॉक्टरांनी, हे शेवटचं वर्ष, असं बजावलं होतं. काओलस एकदा पार करायचा आणि मग वल्हं ठेवायचं, हे तिने मनाशी धरलं होतं.

शुक्रवारी संध्याकाळी सहलीला जाणारी सहाही जणं टेबलाभोवती जमली. इश्बेलने नकाशा पसरला.

"काओलसमध्ये पाणी अकराला उभं राहतं," ती म्हणाली. "पावणेअकराला अलीकडच्या गोट्यांच्या किनाऱ्यावर उतरायचं, चहा घ्यायचा, अकराला आत. रेंगाळायचं नाही. उद्या घरातल्या नऊला इथे या, म्हणजे इथल्या आठला."

सगळा उन्हाळा तिने हेच वाक्य म्हटलं होतं. पण आता उन्हाळा सरला होता आणि घरातले नऊ म्हणजे पाण्याचेही नऊच होते. हे तिला माहीत नव्हतं असं नाही. सवयीने माहितीला मागे ढकललं होतं. कुणीतरी मान वर करून माझ्याकडे पाहिलं, मी घरच्या घड्याळापेक्षा एक तास मागे, अगदी नेहमीसारखा. साऱ्यांनी माना डोलावल्या. माझ्यावर इतका विश्वास पूर्वी कधी कुणी टाकला नसेल.

शनिवारी सकाळी सगळे माझ्यासमोर रांगेत उभे राहिले आणि मनगटावरची घड्याळं एक तास मागे करू लागले. त्यात रोरी नावाचा शाळामास्तर होता, जिभेला हाड नसलेला. तो म्हणाला, "गेल्या रविवारी एक तास मिळाला, आज आणखी एक. असंच चाललं तर नाताळपर्यंत मी पहिलीच्या वर्गात बसेन."

सगळे खळखळून हसले. इश्बेलही हसली. माझ्या काचेच्या आत मी म्हणत होतो, अगं बाई, त्याने आत्ता काय सांगितलं ते ऐक. तो थट्टा करत नाही, तो हिशेब सांगतो आहे. पण थट्टेखोर माणसाचं खरं कोण ऐकतं?

टॉर्मडचा खुब्याचा सांधा बदललेला आहे, त्यामुळे तो किनाऱ्यावर राहतो. दरवेळी एक जण आखणी जवळ ठेवून मागे बसतो, आणि ठरल्या वेळेला मंडळी परतली नाहीत तर मदत बोलावतो. निघताना इश्बेलने त्याच्या गळ्यातला मफलर नीट केला.

"बार्लीच्या सूपमध्ये मीठ बेताने टाक," ती म्हणाली.

"तू तुझं पाणी सांभाळ, माझं मी बघतो," टॉर्मड म्हणाला.

आणि सहा कयाक खिडकीच्या चौकटीतून एकामागून एक निघून गेल्या.

टॉर्मड खिडकीकडे पाठ करून कांदे चिरत बसला. मला मात्र पाठ फिरवता येत नाही. पिंप पूर्वेकडे कललेलं होतं, मग कमी कललं, आणि शेवटी ताठ उभं राहिलं. पाणी थांबलं होतं. खरे अकरा वाजले होते आणि माझे काटे दहा दाखवत होते. तेवढ्यात गावच्या फेरीबोटीचा भोंगा वाजला. ती रोज अकराला सुटते. उन्हाळाभर त्या भोंग्याला मी दहाच दाखवत आलो होतो. टॉर्मडने वर पाहिलं, माझ्यात दहा वाजलेले दिसले, त्याने मान हलवली आणि पुढचा कांदा घेतला.

मित्रांनो, त्या वेळी मला माझ्या तोंडाचा तिटकारा आला. तबकडी माझी, काटे माझे, आणि त्यातून बाहेर पडत होतं ते धडधडीत खोटं. खिडकीत पिंप हळूहळू पश्चिमेकडे झुकू लागलं. तिकडे काओलसमध्ये म्हातारीने धुणं भिजत घातलं होतं, आणि इश्बेल वल्हं मारत मारत त्याच दिशेने जात होती. तिच्या मनगटावर माझीच वेळ होती. ती किनाऱ्यावर उतरणार, चहा पिणार आणि बरोबर अकराला, म्हणजे खऱ्या बाराला, पाच जणांना घेऊन आत शिरणार. वळणाआडचं उसळतं पाणी त्या किनाऱ्यावरून दिसत नाही. आत शिरल्यावर मागे फिरता येत नाही.

मी टिकटिक करत राहिलो. दुसरं काय करणार होतो?

माझे दहा वाजून वीस मिनिटं झाली तेव्हा दार उघडलं. डूगल्ड आत आला. हातात बिस्किटांचा डबा होता, दाढी केलेली होती. कुणीतरी कौतुक करावं म्हणून आलेला माणूस लगेच ओळखू येतो.

"मंडळी गेली वाटतं," तो म्हणाला. "मला वाटलं निघण्याआधी गाठ पडेल."

"केव्हाच गेली. या, बसा," टॉर्मड म्हणाला.

डूगल्ड बसला नाही. माझ्याकडे पाहत उभा राहिला. "कुणाच्या लक्षात आलं नाही ना? रविवारी मी हेही मागे करून ठेवलं. गावातलं एवढंच राहिलं होतं."

टॉर्मडची सुरी थांबली. "काय मागे केलं?"

"हे घड्याळ. एक तास." मग डूगल्डने आपल्या मनगटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा मनगटाकडे पाहिलं. "पण हे तर... माझ्यात अकरा वीस झालेत."

काठी न घेता टॉर्मड खिडकीशी गेला आणि पिंपाकडे पाहिलं. मग रेडिओ उचलला.

"इश्बेल, टॉर्मड बोलतोय. इश्बेल, ऐकतेस का?" खरखर. "इश्बेल, बोल." पुन्हा खरखर. त्या किनाऱ्यामागे उंच कडा आहे. आमच्या रेडिओचा आवाज तो ओलांडत नाही.

"कोणी सांगितलं होतं तुम्हाला याला हात लावायला?" तो मागे न पाहता म्हणाला.

डूगल्ड हळू आवाजात म्हणाला, "कोणीच नव्हतं सांगितलं. पण हात लावू नका, असंही कोणी नव्हतं सांगितलं."

तो खिडकीशी येऊन फेरीबोटीच्या वाटेकडे पाहू लागला. मग डूगल्डच म्हणाला, "फेरीबोटीचा रेडिओ उंच डोलकाठीवर असतो ना? ती मध्यावर आली तर तिला तो किनारा दिसेल."

टॉर्मडने फेरीबोटीच्या कप्तानबाईला हाक मारली. तिचं नाव कर्स्टी. ती पलीकडच्या काठाला गाड्या चढवत होती.

"माझ्याकडे दोन मोटारी आणि मेंढ्यांचा ट्रक आहे," ती म्हणाली. "काय झालं?"

"त्यांची घड्याळं एक तास मागे आहेत, कर्स्टी. ती बाराला आत शिरतील. माझा आवाज त्यांना पोचत नाही."

मग ती म्हणाली, "मेंढ्या थांबतील. निघाले."

त्यानंतरचा वेळ मी कसा काढला, ते मलाच माहीत. माझे साडेदहा झाले. पावणेअकरा. टॉर्मड रेडिओ कानाला लावून उभा, डूगल्ड भिंतीला टेकून. सूप भांड्याला लागलं, त्याचा करपट वास आला, तरी कुणी चूल बंद केली नाही. मला वाटलं, थांबावं. स्प्रिंग तुटावी, काटे गळून पडावेत, म्हणजे माझ्या हातून अकरा तरी वाजणार नाहीत. पण घड्याळाला मनाने थांबताही येत नाही. मी थांबलो असतो तरी तिच्या मनगटावरचं थांबणार नव्हतं.

अकराला सहा मिनिटं कमी असताना रेडिओ खरखरला.

"इश्बेल मिळाली रेडिओवर," कर्स्टीचा आवाज आला. "होडीत बसली होती. बाहेर ये म्हटलं, आली. पण एक जण आधीच पाण्यात गेला होता, टॉर्मड. जरा थांब."

आम्ही तिघं थांबलो. किती वेळ, ते मी सांगणार नाही, माझ्यावर त्या दिवशी कुणी विश्वास ठेवू नये.

"ओढून घेतला," कर्स्टी म्हणाली. "सहाच्या सहा गोट्यांवर बसलेत. आता मी मेंढ्यांकडे जाते."

टॉर्मड खाली बसला आणि दोन्ही हातांत तोंड लपवून रडला. डूगल्डने चूल बंद केली, करपलेलं भांडं बाहेर नेऊन घासलं आणि नवं सूप चढवलं.

मंडळी तिकडे कड्याखाली अडकली होती, पुढे धुणं आणि मागे उलटी ओढ. पाण्याचा जोर ओसरल्यावर काठाकाठाने वल्हवत ती परतली, तेव्हा खिडकीत शेवटचा उजेड होता. सगळे गारठून निळे पडले होते. रोरीच्या तळहातांना फडकी गुंडाळलेली होती. तोच पाण्यात पुढे गेलेला. ओढीने त्याला आडवं नेलं, तेव्हा त्याने खडकावरच्या समुद्रशेवाळाचे पट्टे मुठीत पकडून धरले, आणि इश्बेलने दोर फेकून त्याला ओढून घेतलं.

"पहिलीच्या वर्गात नाही," तो दात वाजवत म्हणाला, "पाळण्यातच पोचलो होतो."

या वेळी कुणी हसलं नाही. डूगल्ड उठून उभा राहिला. "मी केलं ते," तो म्हणाला.

इश्बेलने आधी माझ्याकडे पाहिलं. "कसं केलं? काटे उलटे फिरवले?"

"नाही. चाकं दुखावली असती. लंबक थांबवून बसलो."

"तासभर?"

"तासभर."

ती ओल्या कपड्यांनिशी त्याच खुर्चीवर बसली. खांदा चोळू लागली. मग म्हणाली, "दोन वर्षं तू इथे येतोयस. आमची दारं रंगवलीस, कुलुपांना तेल घातलंस. आणि हे घड्याळ असं का आहे, एवढं एक वाक्य आमच्या सहा तोंडांतून बाहेर पडलं नाही. आम्हाला वाटलं, हे सगळ्यांना माहीतच असतं. सगळे म्हणजे आम्हीच." तिने पुन्हा माझ्याकडे पाहिलं. "सकाळी मीही या काट्यांकडे पाहिलं. पाहिलं फक्त. सूप कुणी केलंय?"

"मी," डूगल्ड म्हणाला.

"मग वाढ. आणि तुझाही वाडगा घे."

तो तिच्याशेजारी बसून सूप प्यायला. कुणी त्याला पुन्हा "तुम्ही" म्हटलेलं मी ऐकलं नाही. जेवण झाल्यावर इश्बेलने मला पुढे करायला त्यालाच सांगितलं. त्याने काटे अलगद फिरवले. त्या रात्री पिंप आणि मी पुन्हा एका हिशेबावर आलो.

इश्बेलचा काओलस राहून गेला. तिचं वल्हं आता माझ्या बाजूच्या खिळ्यावर असतं. आम्ही दोघं खिडकीतून पाहत असतो. तिला माहीत आहे की ते पुन्हा उतरणार नाही, तरी येता-जाता ती त्याच्यावरून हात फिरवते.

मित्रांनो, आम्ही वस्तू बोलत नाही. आम्हाला नीट करायला येणारा आणि बिघडवायला येणारा, दोघांचे हात सारखेच मऊ असू शकतात. म्हणून जुन्या वस्तूला हात लावण्याआधी एवढं विचारा की ती तशी का ठेवली आहे. आणि तुम्हाला ते ठाऊक असेल, तर दारात रंगाचा ब्रश घेऊन उभ्या असलेल्या माणसाला, त्याने विचारण्याची वाट न पाहता, सांगून टाका.

मार्च आला. शेवटच्या रविवारी गावाने घड्याळं पुढे केली. चर्चचं, शाळेचं, बारा घरांची सगळी करून डूगल्ड संध्याकाळी होडीघरात आला. त्याने खुर्ची ओढली, माझ्यासमोर ठेवली, मांडीवर दोन्ही हात ठेवून बसला. रोरी दारातून डोकावला आणि म्हणाला, "डूगल्ड, ते राहिलं का रे?"

"नाही राहिलं," डूगल्ड म्हणाला. "त्याच्यासाठीच बसलोय."

तो तासभर बसला. बायकोबद्दल बोलला, थोडं इश्बेलच्या खांद्याबद्दल बोलला. काच तीच होती, खिळा तोच होता, आणि मी होतो तिथेच होतो. जाताना त्याने खुर्ची जागेवर ठेवली, आणि माझ्याकडे एकदा पाहून, मला हात न लावता, तो दार ओढून घेऊन गेला.